काडीला ऊन सोसत नाही

भर उन्हात बहरलेली बोगनवेल सगळ्यांनी पाहिलेली असते. कुंपणावर चढलेली, महिनोन्‌महिने कुणी पाणी न घातलेली, तरी रंगाने ओथंबलेली. तिचीच एक फांदी तोडून तशाच उन्हात कुंडीत खोचली, तर चार-सहा दिवसांत तिचं सरपण होतं. झाड तेच, ऊन तेच. मग आईला जे मानवतं ते लेकीला का मानवत नाही?

परसात उन्हाळी फुलझाडांची छोटी रोपवाटिका करायची, तर सगळी मेख या प्रश्नात आहे. बोगनवेल, जास्वंद, कण्हेर, चाफा, अडेनियम, इक्झोरा यांना आपण ‘उष्णता आवडणारी’ म्हणतो. पण ती आवड मुळं असलेल्या झाडाची असते. छाटलेल्या काडीला मुळंच नसतात. तिला मुळं फुटेपर्यंत कसं जगवायचं, एवढीच खरं तर रोपवाटिकेची विद्या. बाकीचं सगळं नंतरचं.

झाड उन्हात गार कसं राहतं ते आधी पाहू. पानाच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि जाताना पानातली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजे हा चांगलाच दमदार कूलर आहे. अट एकच. जेवढं पाणी वरून उडालं तेवढं खालून मुळांनी पुरवलं पाहिजे.

प्रत्येक झाडाने यात आपापली युक्ती काढली आहे. कण्हेरीच्या पानाची खालची बाजू भिंगाखाली पाहिली तर तिथे छोटे खळगे दिसतात. पर्णरंध्रं या केसाळ खळग्यांच्या आत दडलेली असतात, त्यामुळे कोरडा वारा थेट त्यांच्यावरून जात नाही. अडेनियम पाण्याचा साठा फुगलेल्या बुंध्यात करतं. चाफा तर पाणी तुटलं की सगळी पानं टाकून मोकळा होतो. (चाफा म्हणजे इथे सोनचाफा नव्हे. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो तो खुरचाफा.)

काडी तोडली की हा हिशेब कोलमडतो. खर्च चालू, जमा बंद. शिवाय खालचा काप म्हणजे उघडी जखम, तिच्यावर बुरशी टपलेलीच असते. म्हणजे एकीकडे वाळण्याची भीती, दुसरीकडे कुजण्याची, आणि या दोहोंच्या आत मुळं फुटली पाहिजेत. नवशिक्या माणसाच्या बहुतेक काड्या वाळून मरतात. थोडा अनुभव आला की त्या कुजून मरतात, कारण वाळू नयेत म्हणून तो पाणी ओतत राहतो. मी दोन्ही टप्प्यांतून गेलो आहे.

मूळ कुठून येतं

फांदीत मूळ नसतंच, मग ते येतं कुठून? वाढत्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते वरून खाली वाहत असतं. फांदी तोडली की त्याची वाट अडते आणि ते कापाजवळ साचतं. तिथे सालीच्या आतल्या जिवंत थरातल्या काही पेशी आपलं आधीचं काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात आणि मुळाचा अंकुर घडवतात. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२०च्या दशकात ओटच्या कोंबांवर प्रयोग करून दाखवलं, की शेंड्यातून खाली उतरणारा असा एक पदार्थ खरोखर असतो आणि तो वेगळा काढता येतो. पुढच्या दशकात ऑक्झिनसारखंच काम करणारं इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, काड्यांना मुळं फुटावीत म्हणून वापरात आलं. आज ‘रूटिंग हार्मोन’ म्हणून जी पावडर मिळते, तिच्यात बहुधा हेच असतं.

पावडर घेताना तीव्रता बघायची. कोवळ्या काडीला साधारण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाखांत हजार भाग), अर्धवट निबर काडीला ३०००, चांगल्या निबर, लाकडासारख्या काडीला ८००० पर्यंत. डब्यावर टक्के लिहिले असतील तर हेच आकडे ०.१, ०.३ आणि ०.८ टक्के होतात. जास्त लावलं म्हणजे जास्त मुळं असं मात्र नाही. तीव्रता वाढली तर कापाजवळची साल काळी पडते. काडी पावडरीत टेकवून झटकायची, बस. आणि थेट डब्यात बुडवायची नाही. ओल्या काड्यांनी अख्खा डबा खराब होतो, म्हणून चिमूटभर पावडर वेगळ्या झाकणात काढून घ्यावी.

कापावर पांढरी, दाणेदार गाठ धरली की लोक खूश होतात. ती जखम भरल्याची खूण आहे, मूळ नव्हे. कधी गाठीतून मूळ निघतं, कधी तिच्या शेजारून, आणि कधी गाठच वाढत राहते आणि मूळ येतच नाही. ऑक्झिन वरून खालीच वाहतं, त्यामुळे काडीची दिशा महत्त्वाची. पानं काढल्यावर बोगनवेलीच्या काडीचा शेंडा कुठला आणि बुड कुठलं हे पटकन कळत नाही. म्हणून बुडाशी सरळ काप आणि वर तिरका काप अशी सवय लावून घ्यावी. उलट्या खोचलेल्या काड्यांची वाट पाहण्यात महिना जातो.

काडी निवडणं

इथे घाई करू नये, कारण निम्मा निकाल इथेच लागतो. जास्वंदीसाठी हिरवेपणा जाऊन तपकिरी रंगाकडे झुकलेली, अर्धवट निबर फांदी घ्यावी. वाकवली तर कोवळी फांदी नुसती लवते, फार जून फांदी हटत नाही, आणि हवी ती थोडी वाकून ‘कट्’ आवाज करून मोडते. १० ते १५ सेंटिमीटर लांबी पुरते. बोगनवेलीला याहून निबर, पेन्सिलीच्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटरची काडी लागते. इक्झोरा जास्वंदीसारखाच धरावा, फक्त तो सावकाश चालतो. कण्हेर या सगळ्यांत उदार, नुसत्या पाण्याच्या बाटलीतही मुळं सोडते.

फुलं किंवा कळ्या असलेली फांदी शक्यतो टाळावी. तशीच मिळाली तर कळ्या खुडून टाकाव्यात. काडीतला साठवलेला पिष्टमय शिधा मर्यादित असतो आणि कळी त्यावर पहिला हक्क सांगते. काडी सकाळी लवकर तोडावी, रात्रभर पाणी पिऊन फांदी टणक झालेली असते. खालचा काप पेराच्या गाठीच्या जरासा खाली, कारण बऱ्याच झाडांत तिथे मुळं लवकर फुटतात. वर दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढायची, आणि ठेवलेली पानं मोठी असतील तर अर्धी कापायची.

पानं पूर्ण का काढायची नाहीत? कारण अन्न आणि ऑक्झिन दोन्ही तीच देतात. आणि सगळी का ठेवायची नाहीत? कारण पाण्याची उधळपट्टीही तीच करतात. अर्धं पान ही त्या दोघांतली तडजोड आहे. निबर बोगनवेलीच्या काडीत साठा भरपूर असतो, तिला पानाशिवायही चालतं.

माती नको, हवा हवी

काडी कशात लावायची यावर प्रत्येकाचं स्वतःचं गुपित असतं. पण मुद्दा एकच, फुटणाऱ्या मुळाला प्राणवायू लागतो. बागेतली माती छोट्या भांड्यात दाटून बसते, कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा बाहेर जाते आणि काडीचं बुड काळं पडतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (खडक फुगवून केलेले हलके पांढरे दाणे) निम्मं-निम्मं, किंवा धुतलेली जाडी वाळू आणि थोडं कोकोपीट, माध्यम म्हणून एवढं पुरे. खत अजिबात नको. मूळ नसलेल्या काडीला खत म्हणजे तोंड नसलेल्याला पंगत.

आता एक प्रयोग. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा धरा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही अगदी हेच घडतं. पाणी देऊन निथळल्यावरही तळाशी काही सेंटिमीटरचा थर गच्च ओला राहतो, आणि त्याची जाडी कुंडीच्या उंचीवर नव्हे, माध्यमावर ठरते. म्हणून उथळ ट्रेमध्ये काडीचं बुड नेमकं त्या ओल्या थरात जातं, तर उंच भांड्यात ते त्याच्या वर राहतं.

यावरूनच आणखी एक जुना समज निकालात निघतो. तळाशी खडे किंवा खापरांचा जाड थर घातला की निचरा सुधारतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. प्रत्यक्षात बारीक माध्यमातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, आणि ओला थर खड्यांच्या वर येऊन बसतो. काडीच्या बुडाच्या आणखी जवळ. छिद्रातून माध्यम वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की झालं.

वर गार, खाली ऊबदार

मुळं नसताना पानांतून पाणी उडू द्यायचं नाही, तर हवाच दमट ठेवायची. कुंडीवर पारदर्शक पिशवी किंवा कापलेली बाटली झाकली की आतली हवा बाष्पाने भरते आणि पान टवटवीत राहतं. काडी जगवणारी वस्तू मातीतलं पाणी नसून हवेतलं पाणी आहे, हे ध्यानात आलं की अर्ध्या चुका टळतात.

पण झाकलेली कुंडी उन्हात ठेवू नका. पहिल्याच वर्षी मी जास्वंदीच्या वीस काड्या नीट झाकल्या आणि ‘हिला ऊन लागतं’ म्हणून थेट दुपारच्या उन्हात मांडल्या. संध्याकाळी पिशवीत उकडलेली पालेभाजी होती. पिशवीत ऊन शिरतं, उष्णता मात्र अडकते. काड्यांना उजेड हवा, थेट ऊन नको. मोठ्या झाडाखालची सावली, किंवा निम्मं ऊन अडवणारी शेडनेट.

या झाडांचा उष्णताप्रेमी स्वभाव इथे एका जागी उपयोगी पडतो, तो म्हणजे खालून. माध्यमाचं तापमान २२ ते २७ अंश सेल्सिअस असेल तर मुळं लवकर धरतात. थंड माध्यमात पेशींचं काम रेंगाळतं आणि बुरशीला आयता वेळ मिळतो. म्हणून थंडीच्या दिवसांत लावलेल्या काड्या हिरव्या दिसत राहतात, पण हलत नाहीत. हवामान थंड असलेल्या ठिकाणी लोक ट्रेखाली गरम होणारी चटई ठेवतात. ऊबदार ठिकाणी नुसता योग्य हंगाम धरला तरी भागतं.

मग थांबायचं. जास्वंदीला चार ते आठ आठवडे, बोगनवेलीला त्याहूनही जास्त. या काळातली सर्वांत मोठी फसवणूक बोगनवेल करते. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात, लुसलुशीत पानं येतात, आपण शेजारपाजारी सांगून मोकळे होतो, आणि एके दिवशी सगळी पानं माना टाकतात. ती पानं काडीतल्या साठ्यावर आलेली असतात. मुळांचा पत्ताच नसतो, साठा संपतो आणि खेळ आटोपतो. म्हणून नवी पानं दिसली तरी झाकण काढायचं नाही आणि काडी उपसून तर मुळीच पाहायचं नाही. बोगनवेलीची मुळं केसासारखी नाजूक असतात, एका हिसक्याला तुटतात. पारदर्शक पेल्यात काडी लावणं हा बघायची खाज असणाऱ्यांसाठी चांगला उपाय आहे. मुळं बाजूने दिसतात. पेल्यावर कागद गुंडाळून ठेवावा, कारण मुळांना अंधार बरा.

चीक असणाऱ्यांचं सगळं उलट

वर सांगितलेलं चाफ्याला लावलं तर चाफा कुजेल. त्याची फांदी मुळात पाण्याची टाकी, तिला वाळण्याची भीती नाहीच. ३० ते ४५ सेंटिमीटरची फांदी तोडायची, पानं काढायची आणि सावलीत एक-दोन आठवडे नुसती पडू द्यायची. काप कोरडा, कडक झाला की निचऱ्याच्या माध्यमात लावायची, आणि पानं फुटेपर्यंत पाण्यात हात आखडता ठेवायचा. पिशवी-बिशवी काही नको.

अडेनियमची गोष्ट आणखी वेगळी. काडीपासून झाड होतं, पण ज्या फुगीर बुंध्यासाठी आपण ते आणतो तो काडीच्या झाडाला बियांच्या रोपासारखा नीट येत नाही. म्हणून बुंधा हवा तर बी पेरायचं. ताजं बी ऊबदार माध्यमात आठवड्याभरात उगवतं. शेंगेतल्या प्रत्येक बीला दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुबके असतात, शेंग तडकली की सगळं वाऱ्यावर जातं, त्यामुळे पिकत आलेली शेंग दोऱ्याने बांधून ठेवावी लागते. बियांच्या रोपाला फूल मात्र कुठल्या रंगाचं येईल ते सांगता येत नाही. हवा तो रंग हवा तर त्या रोपावर त्या रंगाच्या झाडाची काडी कलम करायची. रोप आणि काडी दोन्हींच्या सालीखालचे वाढते थर एकमेकांना नेमके भिडले पाहिजेत, कलम लागतं ते तिथेच. मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदीही कित्येकदा स्वतःच्या मुळांवर कमकुवत राहतात, म्हणून त्या दणकट खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जोमदार मुळाच्या रोपावर, बांधतात.

हे सगळं फार जोखमीचं वाटत असेल तर गुटी कलम करून बघा. शास्त्र समजायलाही याहून सुंदर पद्धत नाही. झाडावरच्या फांदीची दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. पानांत तयार झालेली साखर आणि ऑक्झिन सालीतून खाली येतात, ती वाट तुटल्यामुळे जखमेच्या वर साचतात. मुळांकडून वर जाणारं पाणी मात्र आतल्या लाकडातून जातं, ते चालूच राहतं. म्हणजे काडीला मुळं फुटत असताना पाणी आईच पाजत असते, वाळण्याची भीतीच संपली. खरवडण्यात आळस केला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. जास्वंद, इक्झोरा, कण्हेर यांना हे छान जमतं. एका फांदीमागे एकच रोप मिळतं, एवढाच तोटा.

चिकाबद्दल एक इशारा. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे आणि अडेनियम तिच्याच कुळातलं. आफ्रिकेत अडेनियमचा रस बाणांना लावत असत. छाटताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, कैची धुवा, आणि कण्हेरीच्या काटक्या शेकोटीत टाकू नका, तिचा धूरही वाईट. टणटणीला उष्णता फारच आवडते आणि ती काडीने चटकन येते, पण जगाच्या मोठ्या भागात ती रानं गिळणारी उपरी वनस्पती ठरली आहे. मी तिची रोपं करत नाही.

उन्हात नेण्याची घाई

मुळं आली की झाकण एका दिवसात काढू नये. दमट हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं मिटण्याची सवयही त्याला नसते. पहिले काही दिवस पिशवीला भोकं, मग काही तास उघडं, मग सावलीत पूर्ण उघडं, मग सकाळचं ऊन. दहा ते पंधरा दिवस धरावेत. पान करपलं तर एक पायरी मागे यावं.

त्यानंतरही दुपारचं ऊन पानांना नव्हे, कुंडीला धोक्याचं असतं. जमिनीतल्या मुळांना खाली गारवा असतो, रोपं वाढवायच्या काळ्या प्लास्टिक पिशवीतल्या मुळांना तो नाही. थेट ऊन पडणारी पिशवीची बाजू ४५ अंशांच्या वर सहज जाते आणि त्या बाजूची बारीक मुळं मरतात. वर पान कोमेजतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण अजून पाणी घालतो. त्यापेक्षा पिशव्या एकमेकींना चिकटवून मांडाव्यात आणि बाहेरच्या रांगेपुढे फळी किंवा विटा उभ्या कराव्यात.

कोरड्या गरम हवेत पानांवर बारीक पिवळट ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी आला समजा. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरकस फवारा मारला की बराच आटोक्यात येतो. पेरांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. तो एका कुंडीवर असतानाच हाताने पुसून काढावा, आणि मुंग्या फिरताना दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करावा, कारण गोड चिकट रसासाठी त्याच त्याला राखतात.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. इतका वेळ ज्या ऑक्झिनने मुळं फुटायला मदत केली, तेच शेंड्यातून उतरत बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की डोळे फुटतात आणि झुडूप भरतं. बोगनवेल आणि जास्वंद दोघींनाही नव्या फुटव्यावरच फूल येतं, त्यामुळे फांद्या जास्त तर फुलं जास्त.

बोगनवेल मोठ्या कुंडीत हलवताना पिशवी ओढून काढायची नाही. मातीचा गोळा मुळांनी पुरता बांधला जाईपर्यंत थांबायचं, पिशवी बाजूने ब्लेडने चिरायची, आणि गोळा दोन्ही तळव्यांवर घेऊन तसाच नव्या जागी ठेवायचा. नंतर दोन-तीन दिवस सावली. मग खुशाल उन्हात.